खासगी की खाजगी? आणि दवाखान्याचं 'खासगीकरण' नेमकं कशाला म्हणायचं?

तासगावकर:
नमस्कार मंडळी. आमच्या ग्रामसभेत प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल ठराव मांडायचाय आणि मसुदा लिहायचं काम माझ्याकडं आलंय. पहिला प्रश्न सोपा, खासगी लिहू की खाजगी? दुसरा मला खरंच अडलाय. डॉक्टरची जागा रिकामी, नर्स कंत्राटी, सफाई ठेकेदाराकडं, औषध संपलं की चिठ्ठी लिहून मेडिकलला पाठवतात, पण इमारत सरकारची आणि पाटीपण सरकारची. आता याला खासगीकरण म्हटलं की कुणीतरी उठतंच, 'कुठं विकलंय दाखवा', आणि मग बोलणाराच गप्प होतो. माझी भाची इंग्लंडात एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेच्या दवाखान्यात नर्स आहे, ती म्हणते मामा इकडंपण हाच वाद आहे, सरकार म्हणतं खासगीकरण नाही आणि लोक म्हणतात आहे. मग शब्द चुकीचा आहे का आपण चुकीच्या जागी वापरतोय?

मिरजकर:
पहिल्याचं उत्तर, दोन्ही चालतं. मूळ अरबी 'खास', त्यामुळं मी खासगी लिहितो, पण खाजगीपण जुनंच आहे, त्याला अशुद्ध म्हणू नये. दुसऱ्यासाठी या शब्दाचा जुना अर्थ बघा. होळकरांच्या राज्यात दोन तिजोऱ्या वेगळ्या असायच्या, दौलत आणि खासगी. दौलत म्हणजे राज्याचा पैसा, खासगी म्हणजे राजघराण्याचा स्वतःचा. म्हणजे खासगीच्या विरुद्ध 'सरकारी' नव्हतं, 'दौलत' होतं, आणि प्रश्न पाटीचा नव्हताच, पैसा कुठल्या तिजोरीत जातो हा होता. तुमच्या माणसाला हेच विचारा, की विकलं नाही हे मान्य, पण दौलतीतला पैसा कुणाच्या खासगीत चाललाय?

कराडचा एक वाचक:
दादा इतिहास आवडला पण जरा सांभाळून. कंत्राट दिलं की लगेच खासगीकरण झालं असं नसतं. भाचीला विचारा, एनएचएस ५ जुलै १९४८ ला सुरू झाली तेव्हापासून तिथले फॅमिली डॉक्टर बहुतेक सरकारी नोकर नाहीतच, ते करारावरच काम करतात, तरी पेशंटला खिशात हात घालावा लागत नाही. आपली १०८ ॲम्ब्युलन्सपण २०१४ पासून पीपीपीवरच, म्हणजे सरकार आणि खासगी कंपनीच्या भागीदारीवरच चालते आणि हायवेला अपघात झाला की तीच धावून येते. सगळ्यालाच एक शब्द लावला की समोरच्याला तो खोडायला सोपा जातो. कंत्राटी भरती, बाह्यस्रोत (आउटसोर्सिंग), पीपीपी, ज्याला जे नाव आहे ते लिहा.

पाटणहून (आरोग्य विभागात काम करते):
'बाह्यस्रोत' शब्द मला पटत नाही. स्रोत म्हटलं की झरा वाटतो, कुठून तरी काहीतरी येतंय असं वाटतं, प्रत्यक्षात कायम पद जातंय. आम्ही 'एजन्सीची माणसं' म्हणतो, ते लोकांना लगेच कळतं. ६ सप्टेंबर २०२३ चा तो जीआर आठवा, सरकारी कामाला माणसं नऊ एजन्सींकडून घ्यायची, लोक रस्त्यावर उतरले म्हणून ऑक्टोबरात मागं घेतला. त्यात विकणं हा शब्द नव्हता. आणि अजून एक, पगार, मानधन, मोबदला हे तिन्ही शब्द आमच्याकडं वेगवेगळे आहेत. कायमवाल्याला पगार, अंगणवाडी ताईला मानधन, आशाताईला कामागणिक मोबदला, बाळंतीण दवाखान्यात नेली तर इतके, लसीकरणाचे इतके. घाटातल्या वाडीवर रात्री बाईच्या सोबत जाणारी तीच आहे आणि तिला सरकार नोकर म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणतं. ठरावात यावर एक ओळ तरी घ्या, हात जोडून सांगते.

तासगावकर:
ताई ओळ घेतो, नक्की. भाचीशी रात्री बोललो. ती म्हणाली फॅमिली डॉक्टरांचं खरं आहे, पण कंत्राटाचं पुढं वाढत कसं गेलं तेपण लिहा. १९८३ पासून दवाखान्यांना सफाई, धुणं, जेवण यांची टेंडरं काढायला लावली, १९९२ पासून कंपनीनं इमारत बांधायची आणि सरकारनं पुढची २५-३० वर्षं हप्ते भरायचे असं सुरू झालं, मग २०१२ च्या कायद्यानं उपचाराच्या कामातपण कंपन्यांना वाट मोठी झाली. निळी पाटी तीच. ज्या अन्युरिन बेव्हन नावाच्या मंत्र्यानं ही सेवा उभी केली त्यानं १९५१ मध्ये चष्म्याला आणि कवळीला पैसे लावायचे ठरले म्हणून राजीनामा दिला होता, कवळीसाठी! आणि आता इंग्लंडात वेटिंग लिस्ट ७० लाखांच्या वर जाऊन आलीय. ती म्हणते मामा, वाट बघून कंटाळलेला माणूस स्वतःच पैसे भरून बाहेर जातो, त्याला कुणी हाकललेलं नसतं. मी फोन ठेवला आणि आमच्या केंद्रातली ती मेडिकलची चिठ्ठीच डोळ्यापुढं आली.

मिरजकर:
मग तुमचा मुख्य शब्द खासगीकरण नाहीच, त्याच्या आधीचा आहे. निधी न देणं. याला मराठीत चांगला वाक्प्रचार आहे, हात आखडता घेणं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की सरकारचा आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के करू, आणि २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यात तो आहे १.८४. 'निधीअभावी' हा शब्द मात्र ठरावात अजिबात नको, त्यात जणू पाऊसच पडला नाही असं वाटतं. 'निधी दिला नाही' लिहा, म्हणजे कुणी दिला नाही हा प्रश्न आपोआप येतो.

सांगलीहून:
अजून दोन शब्द. नीती आयोगानं २०२० मध्ये जिल्हा रुग्णालयं खासगी मेडिकल कॉलेजांना जोडायचा जो करार पुढं आणला त्यात 'मार्केट बेड' असा प्रकार आहे, म्हणजे सरकारी आवारातली, बाजारभावाची खाट. याला मराठी शब्द शोधूच नका, 'बाजारभावाची खाट' हेच वाचून दाखवा, ग्रामसभेत बायाबापड्यांना एका दमात समजेल. दुसरा शब्द 'मोफत'. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरसकट सगळं मोफत झालं, चांगलाच निर्णय आहे, पण मेडिकल कॉलेजांच्या दवाखान्यांना तो नव्हता आणि पेशंटला हा फरक दारात कळत नाही. शिवाय फी माफ झाली आणि गोळी बाहेरून आणायला लागली तर घरच्यांच्या लेखी ते मोफत नाही.

पाटणहून:
अगदी बरोबर. केसपेपरचे पैसे वाचले म्हणून कुणी खूश होत नाही, मेडिकलचं बिल किती झालं ते विचारतात.

तासगावकर:
सगळ्यांचे आभार. आत्ता मसुदा असा झालाय, सुधारणा सुचवा: 'आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरचं पद भरलेलं नाही, औषधांसाठी पुरेसा निधी दिलेला नाही, त्यामुळे रुग्णांना बाहेर पैसे भरावे लागतात. हे खासगीकरणच आहे असं ग्रामसभेचं मत आहे. रिक्त पद कायमस्वरूपी भरावं, एजन्सीमार्फत नाही. आशाताईंना दरमहा ठरलेला पगार मिळावा.' 'असं ग्रामसभेचं मत आहे' हे कराडच्या दादांसाठी घातलंय, चालेल ना?

कराडचा एक वाचक:
चालेल. फक्त 'पुरेसा' काढा आणि किती मागितला, किती आला ते दोन आकडे टाका. माहिती अधिकारात अर्ज कसा करायचा ते सांगतो, मेसेज करा.