मदत हवी आहे: शर्टाखाली बाळगायच्या छोट्या पिस्तुलासाठी ९ एमएम की .३८०?

ह्यूस्टनकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. शनिवारी दुकानात जाऊन पिस्तूल घ्यायचंच आहे. आठ दिवस व्हिडिओ बघून डोकं भणभणलंय. एक जण म्हणतो ९ एमएमच्या खाली काही घेऊच नका, दुसरा म्हणतो .३८० पुष्कळ झालं. कमरेला शर्टाखाली दिसणार नाही एवढं छोटं हवं. बजेट पाचशे डॉलर. बंदूक बाळगावी की नाही ही चर्चा कृपया नको, तो निर्णय घरात झालेला आहे. फक्त कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप सांगा. जरा घाई आहे.

रानवाटा
९ एमएम. डोळे मिटून घ्या. २०१८ साली सिग पी३६५ हे ९ एमएम पिस्तूल आलं आणि हा वादच मिटला. तळहाताएवढं पिस्तूल, त्यात मॅगझिनमध्ये दहा आणि नळीत एक अशा गोळ्या. पूर्वी छोटं पिस्तूल म्हटलं की सहा गोळ्यांचं .३८० घ्यावं लागायचं, आता ती अडचण राहिलेली नाही. शिवाय ९ एमएमची काडतुसं .३८०पेक्षा स्वस्त पडतात, म्हणजे सराव जास्त होतो. मी स्वतः चार वर्षं हेच वापरतोय.

सुभेदार_सातारा
९ एमएम हे प्रतिबंधित बोअर (कॅलिबर) आहे, सामान्य माणसाला त्याचा परवाना मिळत नाही. तुम्ही .३२च बघा. पिस्तूल हवं तर .३२ पिस्तूल, नाहीतर कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर. पण दोघांची काडतुसं वेगळी असतात हे ध्यानात ठेवा, पिस्तुलाचं रिव्हॉल्व्हरला चालत नाही. आणि शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. अर्जात जिवाला धोका कशामुळे आहे ते पुराव्यासह लिहा, मोघम लिहिलेला अर्ज पोलीस ठाण्याच्या अहवालातच अडकतो.

प्राजक्ता_डॅलस
सुभेदारकाका, धागाकर्ते अमेरिकेत आहेत असं दिसतंय. इथे ९ एमएमवर तशी बंदी नाही.

@ह्यूस्टनकर, कॅलिबरच्या आधी काही विचारायचंय. तुम्ही सिटिझन की ग्रीन कार्डवाले? नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असाल तर इथेच थांबा. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१पासून परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते हे ऐकून आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की कोणालाही चालतं. पण तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्यानेच बंदूक बाळगायला मनाई आहे. शिकारीच्या वैध लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरताना हे विचारतात आणि तिथे चुकीचं लिहिणं हा गुन्हा आहे. प्रक्रियेत असलेलं ग्रीन कार्ड त्यात जाऊ शकतं.

पिस्तूल नक्की कोणासाठी? आधी कधी चालवलंय का?

ह्यूस्टनकर
ह्यूस्टन म्हणजे टेक्सासच. २०१६पासून सिटिझन आहे. पिस्तूल माझ्यासाठी. गॅस स्टेशन आहे, रात्री अकराला बंद करून रोकड घेऊन एकटा गाडीपर्यंत जातो. मित्रांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर दोन-तीनदा गेलोय, मोठ्या पिस्तुलाने नेम बरा बसतो. सगळे बाकीचंच विचारताय. ९ की .३८०?

जुना_निशाणेबाज
.४५ घ्या. ११ एप्रिल १९८६ला मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, दोन एजंट गेले. एका दरोडेखोराला ९ एमएमची गोळी सुरुवातीलाच बसली होती. दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली आणि हृदयाच्या जेमतेम इंचभर अलीकडे थांबली. तो माणूस त्यानंतर कितीतरी वेळ गोळ्या झाडत राहिला. मोठी गोळी ती मोठीच.

रानवाटा
अर्धीच गोष्ट सांगताय. त्या चकमकीनंतर एफबीआयने १० एमएम घेतलं, मग १९९०मध्ये .४० आलं, आणि इतकं सगळं करून ते परत ९ एमएमवरच आले. दोष कॅलिबरचा नव्हता, त्या काळच्या गोळीच्या बनावटीचा होता. आजची होलो पॉइंट, म्हणजे टोकाशी पोकळ गोळी, चाचणीच्या जिलेटिन जेलमध्ये बारा ते अठरा इंच शिरते आणि फुलतेसुद्धा. त्यात .४५चा धक्का जास्त आणि मॅगझिनमध्ये गोळ्या कमी. नवख्या माणसाला .४५ सुचवणं मला अजिबात पटत नाही.

जुना_निशाणेबाज
मी तीस वर्षं .४५ चालवतोय. जेलच्या ठोकळ्याला भीती वाटत नसते, माणसाला वाटते.

रानवाटा
म्हणूनच नेम लागणं महत्त्वाचं. भीतीने हात थरथरत असताना .४५ची दुसरी गोळी कुठे जाते ते रेंजवर नव्या माणसाला देऊन बघा एकदा.

चाफा
दोघेही थांबा जरा. मी सांगते, रिव्हॉल्व्हर. .३८ स्पेशल, पाच गोळ्यांचं, दोन इंची नळीचं. ना मागे ओढायची स्लाईड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग), ना सेफ्टी, चाप ओढला की गोळी. माझ्या पर्समध्ये दहा वर्षं आहे, कधी अडकलं नाही.

प्राजक्ता_डॅलस
चाफाताई, रिव्हॉल्व्हर साधं असतं हे खरं. पण हलक्या फ्रेमचं (सांगाड्याचं) असेल तर त्याचा धक्का छोट्या ९ एमएमपेक्षाही बोचतो, आणि चाप ओढायला दहा-बारा पौंडांचा जोर लागतो. पहिलंच हत्यार म्हणून मी ते कोणाला देणार नाही.

मी आठवड्यातून दोन दिवस रेंजवर नव्यांना शिकवते. कॅलिबरचा प्रश्न घेऊन येणाऱ्या बहुतेकांचा खरा प्रश्न हाताचा असतो. ह्यूस्टनकर, .३८० तुमच्या डोक्यात आलं कुठून? मोठ्या पिस्तुलाने नेम बरा बसतो म्हणता, मग ९ एमएमची शंका का येते?

ह्यूस्टनकर
उजव्या मनगटात प्लेट आहे. २०२१मध्ये बर्फात पडलो होतो. जोर लागला की कळ येते. मागच्या आठवड्यात मित्राचं .३८० हातात घेतलं, आटोपशीर, जुन्या पद्धतीचं. स्लाईड अर्ध्यापर्यंत आली आणि सुटली. दुसऱ्यांदा तेच. .३८०ची स्लाईड इतकी कडक, तर ९ एमएमची कशी ओढणार? आणि .३८०पेक्षा खाली जावं लागलं तर त्या गोळीचा उपयोग काय? म्हणून विचारत होतो.

चाफा
अहो, हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना!

प्राजक्ता_डॅलस
आता नीट सांगता येईल. लहान कॅलिबरची स्लाईड हलकी असते हा समज चुकीचा आहे. जुन्या घडणीच्या बऱ्याच .३८० पिस्तुलांत नळी फ्रेमला पक्की असते. गोळी सुटताना स्लाईडला रोखून धरायला तिचं वजन आणि स्प्रिंग एवढंच असतं, म्हणून स्प्रिंग जबर ठेवावी लागते. तुमच्या मित्राचं बहुधा त्या जातीचं. ९ एमएमच्या पिस्तुलांत सहसा नळी आणि स्लाईड एकमेकांत अडकून थोडं अंतर बरोबर मागे जातात, मग सुटतात. त्यामुळे स्प्रिंगवर सगळा भार येत नाही. हीच रचना .३८०मध्ये वापरली की स्लाईड एकदम सोपी होते.

स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी ह्याच विचाराने काढलेलं आहे. २०१८ला .३८०मध्ये आलं, नंतर ९ एमएममध्येही. पी३६५पेक्षा थोडं लांब आहे, पण शर्टाखाली जातं. आमच्याकडे संधिवाताचे हात असलेल्या आजी येतात, त्या पहिल्या दिवशी स्वतःच्या हाताने ते भरतात.

स्लाईड ओढू नका, ढकला. पिस्तूल छातीजवळ घ्या, नळी समोर सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. डाव्या तळव्याने स्लाईड वरून घट्ट धरून ठेवा आणि उजव्या हाताने फ्रेम पुढे ढकला. खांद्याचा जोर लागतो, मनगट सरळ राहतं. गोळ्या नसलेल्या पिस्तुलावर दुकानातच करून बघा.

रानवाटा
ईझी ९ एमएममध्ये मिळतं, मग प्रश्नच कुठे उरला? ९ घ्या.

प्राजक्ता_डॅलस
उरतो. प्लेट बसवलेल्या मनगटाला पन्नासाव्या गोळीनंतर काय होतं ते तुम्ही-मी इथे बसून ठरवू शकत नाही. शिवाय पकड सैल पडली की हलकं पिस्तूल पुढची गोळी नीट भरत नाही, अडकतं. दुखतं म्हणून सराव सोडलेलं ९ एमएम माझ्या लेखी बिनकामाचं.

.३८०ची उणी बाजूही सांगते. गोळीचा व्यास ९ एमएमएवढाच, पण वजनाने साधारण ९५ ग्रेनची (सुमारे सहा ग्रॅम) आणि वेगाने कमी. छोट्या नळीतून काही होलो पॉइंट फुलतात पण बारा इंच गाठत नाहीत, काही फुलतच नाहीत. गोळी निवडून घ्यावी लागते आणि ती तुमच्या पिस्तुलात नीट चालते का ते स्वतः बघावं लागतं.

एडिसनवाले
न्यू जर्सीला यायचा बेत असेल तर जपून. इथे होलो पॉइंट भरून बाहेर फिरण्यावर बंदी आहे आणि टेक्सासचं लायसन्स इथे चालत नाही. माझा भाचा टेक्सासहून गाडीने आला तेव्हा पिस्तूल तिकडेच ठेवून ये म्हणून मी तीनदा फोन केला होता. आणि कानाला मफ लावल्याशिवाय रेंजवर उभे राहू नका. माझा डावा कान तरुणपणीच्या हौसेत गेला.

सुभेदार_सातारा
टेक्सासचं लक्षात आलं नाही, माफ करा. काडतुसांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आमच्याकडे .३२च्या काडतुसाच्या बुडावर केएफ असा ठसा असतो, म्हणजे खडकीचा कारखाना. १८६९पासूनचा आहे तो. मी नोकरीत असताना पुण्यात होतो, सकाळचा भोंगा झाला की सायकलींची रांग लागायची. ह्यूस्टनकर, तुम्ही मूळचे कुठले?

ह्यूस्टनकर
काका, मी दापोडीचा. मोठे मामा त्याच कारखान्यात होते.

सुभेदार_सातारा
अरे वा! मग घरातच माहिती होती की.

मनीषा_के
विषयाला धरून नाही, तरी बोलते. आमचं दुकान आहे ऑस्टिनला. दोनदा लुटलं गेलं. त्यानंतर आम्ही फरशीत बोल्ट केलेली तिजोरी घेतली, वरून फटीतून पैसे टाकायचे, किल्ली रोकड नेणाऱ्या गाडीवाल्यांकडे. दारावर तशी पाटी लावली. आता माझा नवरा रात्री रिकाम्या हाताने निघतो. पिस्तूल हवं तर घ्या, पण रोकड अंगावर घेऊन अंधारात चालणं आधी थांबवा, दादा. आणि घरात मूल असेल तर पहिल्याच दिवशी कुलूपबंद पेटी घ्या. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर निष्काळजीपणाचा गुन्हा तुमच्यावर येतो.

ह्यूस्टनकर
मनीषाताई, मुलगा अकराचा आहे. पेटी घेतो. तिजोरीचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, सोमवारी चौकशी करतो.

जुना_निशाणेबाज
रेंजवर भाड्याने मिळतात, दोन्ही चालवून बघा. .४५ही एकदा घ्या हातात.

ह्यूस्टनकर
रविवार. काल खरेदी केली नाही, रेंजवर गेलो. ईझी दोन्ही कॅलिबरमध्ये भाड्याने मिळालं. ढकलायची पद्धत पहिल्याच वेळी जमली, स्लाईड पूर्ण मागे गेली. मी तिथे उभ्या उभ्या पाच-सहा वेळा नुसतीच मागे-पुढे केली, इतकं बरं वाटलं.

९ एमएमच्या पहिल्या वीस गोळ्या छान गेल्या. तिसाव्याच्या आसपास अंगठ्याच्या बुडाशी कळ सुरू झाली, चाळिसाव्याला मी गोळी सुटायच्या आधीच मनगट खाली दाबायला लागलो. शेवटच्या दहा गोळ्या कागदावर सगळ्या खाली डावीकडे. अर्धा तास बसलो, मग .३८०. पन्नास झाल्या, अजून पन्नास घेतल्या. सात यार्डांवर सगळ्या बशीएवढ्या वर्तुळात. आज सकाळी मनगट नेहमीसारखंच आहे.

.३८० सांगून ठेवलंय. रानवाटा, तुमचा मुद्दा मला पटतो, पण माझा हात ऐकत नाही.

रानवाटा
शंभर गोळ्या न दुखता गेल्या म्हणता, तर तेच घ्या. महिन्याला निदान पन्नास तरी चालवत जा.

प्राजक्ता_डॅलस
छान. संरक्षणासाठी जी गोळी ठेवाल तिची दोन खोकी तरी त्याच पिस्तुलातून चालवून बघा. एकही अडकली तर दुसरी बनावट घ्या.

ह्यूस्टनकर
तसंच करतो. होल्स्टर (पिस्तुलाची म्यान) उजव्या कमरेला मागे ठेवला तर मनगट वळवताना कळ येईल असं वाटतंय. पुढे, पोटाशी लावला तर गाडीत बसताना कसं होतं? कोणाचा अनुभव?

चाफा
गाडीत पोटाशी टोचतं. तुमची सीट किती पुढे असते? आणि पट्टा कोणता वापरता, साधा की जाड?