अदलाबदलीत आलेलं कार्ड विकावं का?

मोरपिशी_शाई (धागाकर्ती)

आमच्या टपालाने कार्डं बदलायच्या गटात सध्या धुसफूस चालू आहे, म्हणून हा धागा. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड, ऊर्फ एटीसी. अडीच बाय साडेतीन इंच, साधारण खेळायच्या पत्त्याएवढं. रंगवा, चिकटवा, शिवा, जुन्या लग्नपत्रिकेतला सोनेरी गणपती कापून लावा, सगळं चालतं. माप मात्र तेच, आणि मागे नाव व तारीख. मग ते दुसऱ्याच्या कार्डाशी बदलायचं. पैशांचा संबंध नाही.

तर गटातल्या एकीने तिला आलेली कार्डं (स्वतः केलेली नव्हेत, आम्ही पाठवलेली!) इन्स्टावर दीडशे रुपयांना एक अशी विकायला काढली. हटकलं तर म्हणे, मला दिलं ते माझं झालं.

माझं मत: आलेलं कार्ड विकू नये आणि अदलाबदलीसाठी केलेलं स्वतःचंही विकू नये. झ्युरिकच्या स्टिर्नेमान नावाच्या कलाकाराने १९९७ मध्ये आपल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वतः केलेली १२०० कार्डं मांडली. ज्याला एखादं हवं असेल त्याने स्वतः कार्ड करून आणावं आणि बदलून न्यावं, असं आमंत्रण दिलं. कॅनडातल्या कॅलगरीपर्यंत ही टूम त्याच वर्षी पोचली. सगळी गंमत त्या अटीत आहे. 'मला कुठे चित्र येतं' म्हणणाऱ्यालाही कात्री हातात घ्यावी लागते. पैसे देऊन कार्ड मिळायला लागलं की तो माणूस नुसतं गिऱ्हाईक होतो.

खडूस_काका

असहमत. वाढदिवसाला आलेला डिनर सेट आपण पुढच्या मुंजीत खपवतोच ना? तिथे कोणी धागा काढत नाही. दिलं म्हणजे दिलं. झ्युरिकच्या माणसाने काय ठरवलं त्याला इथल्या माणसाने का बांधील राहावं?

ठिपक्यांची_रांगोळी

काका, तुमच्याशी अर्धी सहमत. मी पोटासाठी हेच काम करते, त्यामुळे 'पैशांचा संबंध नाही' हे वाक्य ऐकलं की डोक्यात जातं. खणाचा तुकडा घ्यायचा, काठ नेमका खालच्या कडेला येईल असा बसवायचा, वर एकपदरी धाग्याने टाके, मग मागून कागद लावून टाके झाकायचे. दोन संध्याकाळी सहज जातात. बदल्यात येतं काय? मासिकातलं गुलाबाचं फूल, फेव्हिकॉलचे फुगे आलेलं, कोपरे उचकटलेले. हौसेला मोल नसतं हे हौशी माणसाने म्हणावं.

विकायच्या कार्डांना परदेशात वेगळं नाव आहेच: एसीईओ (आर्ट कार्ड्स, एडिशन्स अँड ओरिजिनल्स). माप तेच, पण ते विकायलाच केलेलं असतं आणि घेणाऱ्याला ते माहीत असतं. मी स्वतःची तशी विकते आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. पण दुसरीने पाठवलेलं विकणं? छे. तिथे मी मोरपिशीच्या बाजूने.

तेरेखोलकाठचा

आमच्या सावंतवाडीची गंजिफा कोणालाच आठवली नाही? हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी जोडात १२० पाने: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, त्यात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. चितारी हे रंगवायचे ते कोणाशी बदलायला नव्हे. त्यांचं घर त्यावर चालायचं. छापील पत्ते आले, गिऱ्हाईक गेलं आणि कला मरायला टेकली. मग तिथल्या राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी आणि शिवरामराजे भोसले यांनी ती राजवाड्यात पुन्हा उभी केली. आजही तिथे कारागीर रंगवतात आणि लोक पैसे मोजून घेतात. म्हणूनच ती टिकली. नुसत्या अदलाबदलीवर कुठली टिकायला!

मोरपिशी_शाई

@तेरेखोलकाठचा, मुद्दा बिनतोड आहे, पण वेगळ्या वस्तूचा. गंजिफा रंगवायला हात तयार व्हावा लागतो आणि त्या हाताला दाम मिळायलाच हवा. एटीसी मुळात हात तयार नसलेल्यांसाठी आहे. आमच्या गटात एक निवृत्त कंडक्टर आहेत, ते जुन्या तिकिटांचे तुकडे लावून एसटी स्टँड करतात. त्यांचं कार्ड बाजारात कोणी घेणार नाही आणि गटात त्याच्यासाठी भांडणं होतात.

@रांगोळी, उचकटलेल्या गुलाबाबद्दल सहानुभूती. त्यावर उपाय म्हणजे कोणाशी बदलायचं ते आधी फोटो पाहून ठरवा. आम्ही तसंच करतो.

अर्धा_कागद

भांडण चालू द्या, मी कामाचं बोलतो. ए-फोर कागदातून नऊ कार्डं निघतात, तीन रांगा, प्रत्येकीत तीन. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद घेतलात तर एक कार्ड पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. २० ग्रॅमपर्यंतचं पत्र ५ रुपयांत जातं, म्हणजे पाकीट आणि आधाराचा पुठ्ठा धरूनही तीन-चार कार्डं आरामात. मणी, आरसे लावलेली मात्र साध्या पाकिटात घालू नका, शिक्का बसला की चुरा. आणि रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा नोंद करून पाठवायचं तर स्पीड पोस्टच. कार्डापेक्षा टपालखर्च जड. इतका खर्च करून पाठवलेलं कार्ड कोणी दीडशेला विकलं तर मलाही राग येईल.

खडूस_काका

राग येणं आणि चूक असणं यात फरक आहे. तुमच्या गटाचा नियम असेल तर तो आधी लिहून द्या. मनातल्या नियमावर लोकांना फाशी देऊ नका.

ठिपक्यांची_रांगोळी

हे मात्र काका बरोबर बोलले. मागच्या बाजूला नाव-तारखेखाली एक ओळ घाला: 'फक्त अदलाबदलीसाठी'. मी माझ्या विकायच्या कार्डांवर किंमत लिहिते, तसंच.

खडूस_काका

अशी ओळ असलेलं कार्ड मी घेणारच नाही. माझ्या कपाटात काय करायचं ते मी बघेन.

मोरपिशी_शाई

नका घेऊ, काका. जबरदस्ती नाही. दिवाळीच्या फेरीपासून ही ओळ सक्तीची करते. विषय 'किल्ला'. ज्यांना भाग घ्यायचाय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता इथे उघड टाकू नका.