मदत हवी आहे : बारबेलने व्यायाम सुरू करायचा आहे, पण जिममधल्या रॉडचं वजनच माहीत नाही

नवखा_ठाणे

नमस्कार मंडळी,

वय ३६, उंची १७० सेंमी, वजन ६४ किलो. बैठं काम. शाकाहारी, अंडीही चालत नाहीत. बीपी, शुगर, हर्निया, मणक्याचा त्रास यातलं काही नाही. घराजवळच्या जिममध्ये नाव घातलंय. ट्रेनरने सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे असा सहा दिवसांचा तक्ता दिलाय, त्यात बहुतेक सगळं मशीनवर. मला आठवड्यातून तीनच दिवस जमतील, दर वेळी साधारण सव्वा तास. बारबेलवर स्क्वॉट (रॉड पाठीवर घेऊन बसणं-उठणं), बेंच (बाकावर पडून छातीवरून रॉड वर ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं) नीट शिकायचंय.

अडचणी अशा. जिममध्ये तीन वेगवेगळे रॉड आहेत, एकावरही वजन लिहिलेलं नाही. सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. स्क्वॉट रॅक एकच आहे, शेजारी स्मिथ मशीन (रुळात बसवलेला रॉड). ट्रेनर म्हणतात स्मिथवरच करा, सुरक्षित असतं. शिवाय तालमीतल्या बैठकांची सवय असल्यामुळे असेल, पण रॉड घेऊन खाली बसताना टाचा उचलल्या जातात.

किती वजनापासून सुरुवात करू आणि पुढे कसं वाढवू?

लोखंडवाला

तीन दिवस पुरेसे आहेत. नवशिक्याला सहा दिवसांच्या तक्त्यापेक्षा तीन दिवसांचा जास्त मानवतो, कारण त्यात प्रत्येक वेळी पाय, पाठ, छाती सगळ्यांना काम मिळतं आणि मध्ये एक दिवस विश्रांती.

आधी रॉडचं वजन. याच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. रॉड हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग रॉडशिवाय उभे राहा, वजाबाकी करा. तिन्ही रॉडचं करून मोबाईलमध्ये लिहून ठेवा. साधारण २२० सेंमी लांब, टोकांना ५० मिमी जाडीची फिरती बाही असलेला रॉड ऑलिंपिक मापाचा, तो २० किलोचा असायला हवा. टोकापर्यंत एकाच जाडीचे जे सरळ रॉड असतात ते ७-८ किलोपासून १५ किलोपर्यंत काहीही असू शकतात. रोज एकच रॉड वापरा. एक दिवस २० चा आणि दुसऱ्या दिवशी १२ चा घेतलात तर वहीतले आकडे निरर्थक.

आता तक्ता. दोन दिवसांचे दोन प्रकार, आलटून पालटून:

अ : स्क्वॉट ५ चे ३ सेट (सलग ५ वेळा केलं की एक सेट, त्यातली एकेक वेळ म्हणजे एक रेप), बेंच प्रेस ५ चे ३ सेट, डेडलिफ्ट ५ चा १ सेट.
ब : स्क्वॉट ५ चे ३ सेट, उभ्याने ओव्हरहेड प्रेस (रॉड खांद्यापासून डोक्यावर ढकलणं) ५ चे ३ सेट, बारबेल रोइंग (वाकून रॉड पोटाकडे ओढणं) ५ चे ३ सेट.

सोम अ, बुध ब, शुक्र अ, पुढच्या सोमवारी ब. बस्स, एवढंच. बायसेप्सचे दोन सेट शेवटी करायचे असतील तर करा, पण ते स्क्वॉटच्या आधी नकोत.

सुरुवातीचं वजन शोधायची रीत : रिकाम्या रॉडने ५ वेळा करा. जमलं की ५-५ किलो वाढवत प्रत्येकी ५ करत जा. ज्या वजनाला रॉड वर येण्याचा वेग जाणवण्याइतका मंदावेल तिथे थांबायचं, तेच पहिल्या दिवसाचं वजन. तुमच्या अंगलटीच्या माणसाचा स्क्वॉट बहुधा ३०-४० वर, बेंच २५-३० वर आणि ओव्हरहेड प्रेस जवळपास रिकाम्या रॉडवर थांबेल. हलकं वाटेल. वाटू द्या. स्क्वॉट ३० वर सुरू करून दर वेळी अडीच किलो वाढवलेत तर चौथ्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे बाराव्या खेपेला, रॉडवर ५७.५ असतील. पहिल्याच दिवशी ६० टाकणारा माणूस त्याच चार आठवड्यांत गुडघे आणि कंबर चोळत बसतो, कारण स्नायू लवकर जुळवून घेतात पण स्नायुबंध आणि सांध्यांना वेळ लागतो.

वाढ : स्क्वॉट आणि रोइंग दर वेळी २.५ किलो. डेडलिफ्ट पहिले काही आठवडे ५, मग २.५. बेंच २.५, ओव्हरहेड प्रेस शक्यतो १ ते १.२५. सेटच्या मध्ये ३ मिनिटं विश्रांती, जड झाल्यावर ५. मिनिटभरात पुन्हा रॉडखाली गेलात तर तिसऱ्या सेटचा चौथा-पाचवा रेप अडकतो आणि उगाच वाटतं की ताकद संपली.

बारा_बंदी

वरच्या हिशेबात एक गोची आहे. तुमच्या जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीचची, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून कमीत कमी वाढ ५ किलोची. स्क्वॉटला ते महिनाभर चालून जाईल, बेंचला दोन-तीन आठवडे. ओव्हरहेड प्रेसला अजिबात चालणार नाही : २० वरून २५ म्हणजे एकदम पाव पट वाढ. बहुतेकांची प्रेस इथेच अडते आणि दोष खांद्यांना दिला जातो.

सव्वा किलोच्या प्लेटची एक जोडी स्वतः विकत घ्या आणि बॅगेत ठेवा. घेण्याआधी रॉडच्या टोकाची जाडी टेपने मोजा. साध्या रॉडच्या प्लेटचं भोक साधारण ३० मिमीचं असतं, ती ऑलिंपिक रॉडच्या ५० मिमी बाहीत शिरत नाही. उलट ५० चं भोक साध्या रॉडवर डुगडुगतं. याहून लहान वाढ हवी असेल तर पायाला बांधायचे अर्धा-अर्धा किलोचे वेल्क्रोचे पट्टे मिळतात, ते दोन्ही टोकांना प्लेटच्या बाहेर घट्ट गुंडाळा. एक किलोची वाढ झाली.

आणि प्लेटवर छापलेल्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास नको. ओतीव लोखंडाच्या स्वस्त प्लेट छापल्यापेक्षा कमीजास्त भरतात. काटा हाताशी आहेच, तर १० च्या दोन प्लेट तोलून बघा. डावी-उजवी सारख्या वजनाची निवडा.

पारनेरी

टाचांबद्दल. तालमीतल्या बैठकीत खाली जाताना टाचा उचलल्या जातातच, ती त्या व्यायामाची रीत आहे आणि त्यात काही चूक नाही. बारबेल स्क्वॉटमध्ये मात्र वजन कायम पावलाच्या मध्यावर हवं. टाच उचलली की रॉड बोटांकडे सरकतो, भार गुडघ्यावर येतो आणि वर येताना तोल पुढे जातो. त्यामुळे बैठकीची सवय जाणीवपूर्वक मोडावी लागेल.

भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसतो तसं टाचा टेकवून बसता येतंय का, ते रॉडशिवाय बघा. येत असेल तर घोटे मोकळे आहेत, फक्त सवयीचा प्रश्न आहे. नसेल तर पाय थोडे अधिक फाकवा, चवडे २०-३० अंश बाहेर वळवा, गुडघे चवड्यांच्या दिशेनेच जाऊ द्या. तात्पुरतं टाचांखाली अडीचची एकेक प्लेट ठेवली तरी चालते, पण प्लेट सपाट बसते ना, डुलत नाही ना, हे आधी तपासा.

बूट बघा. जाड, मऊ तळव्याचे धावायचे बूट घालून स्क्वॉट करू नका. फोम दबतो आणि दर रेपला वेगळीकडे दबतो. सपाट तळव्याचे कॅनव्हासचे बूट पुरतात.

स्क्वॉटची मांडणी : रॅकचा हूक छातीच्या मध्यावर येईल इतक्या उंचीवर. रॉड काढताना चवड्यांवर उभं राहावं लागत असेल तर तो एक भोक खाली घ्या. रॉड मानेच्या हाडावर ठेवायचा नाही. खांद्याची पाती मागे आवळली की मानेखाली मांसाचा उंचवटा तयार होतो, त्यावर टेकवायचा. उचलून फक्त दोन पावलं मागे. पोटात श्वास भरा, कुणी पोटात गुद्दा मारणार आहे असं पोट ताठ करा, खाली जा, वर आल्यावर श्वास सोडा. मांडीचा जांघेतला सांधा गुडघ्याच्या वरच्या कडेपेक्षा किंचित खाली गेला की रेप पूर्ण. वर येताना गुडघे आत कोसळत असतील तर वजन जास्त आहे किंवा तुम्ही घाई करताय.

बाजूने, कमरेच्या उंचीवरून मोबाईलवर शेवटचा सेट चित्रित करा. आरशात खोली दिसत नाही, आणि आरशात बघायला मान वळवली की पाठ वळते.

नवखा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. रॉड तोलले : १९.५, ११ आणि ८ किलो. १९.५ वाला घेतोय.

आणखी तीन प्रश्न. स्मिथ मशीनचं काय? बेंचला कुणी मागे उभं राहणारं नसेल तर काय करायचं? आणि डेडलिफ्टला १०-१० च्या प्लेट लावल्या की रॉड फारच खाली येतो, वाकताना पाठ गोल होते.

लोखंडवाला

१९.५ ला २० धरा, फक्त नेहमी तोच रॉड.

स्मिथवर रॉड रुळातून जातो, त्यामुळे तोल सांभाळायचं काम मशीन करतं. तिथे कमावलेली ताकद मोकळ्या रॉडवर पुरती उतरत नाही. रॅक रिकामा नसेल त्या दिवशी अडून राहू नका, स्मिथवर करा, पण वहीत वेगळं लिहा. ट्रेनरची सुरक्षिततेची काळजी रास्त आहे, आणि तिचं उत्तर रॅकमध्येच आहे : दोन्ही बाजूंचे आडवे सेफ्टी बार. रिकाम्या रॉडने पूर्ण खाली बसा आणि रॉड जिथे असेल त्याच्या दोन-तीन सेंमी खाली ते लावा. वर येता आलं नाही तर तिथेच बसून रॉड त्यांवर टेकवायचा आणि खालून निघायचं.

बेंचही शक्य असेल तर त्याच रॅकमध्ये ओढून घ्या आणि सेफ्टी बार छाती फुगवलेली असताना तिच्या किंचित खाली, पण गळ्याच्या वर राहतील असे लावा. ते जमत नसेल तर एकट्याने बेंच करताना क्लिप (प्लेट घसरू नये म्हणून रॉडला लावायचा चिमटा) लावू नका. रॉड छातीवर अडकलाच तर एका बाजूला कलवून प्लेट घसरवून टाकता येतात. आजूबाजूला कुणी नाही ना, हे सेटच्या आधीच बघून घ्या. स्क्वॉटला मात्र क्लिप लावाच. अंगठा रॉडभोवती गुंडाळलेला हवा. अंगठा न गुंडाळता तळहातावर रॉड पेलण्याची फॅशन आहे, पण घामेजलेल्या हातातून तो थेट गळ्यावर येऊ शकतो. रॉड स्तनाग्रांच्या थोडा खाली टेकवा, कोपरं धडाला चिकटवू नका आणि काटकोनात फाकवूही नका, दोन्हींच्या मधे ठेवा.

डेडलिफ्टचं तुमचं निरीक्षण अचूक आहे. मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंमी असतो, म्हणून रॉडचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंमीवर येतो. लहान प्लेटने तो बराच खाली जातो आणि तिथून सरळ पाठीने उचलणं अनेकांना जमतच नाही. दोन्ही बाजूंना जमिनीवर प्लेट आडव्या रचून त्यावर रॉडच्या प्लेट ठेवा. टेपने मोजून साडेबावीसच्या आसपास आणा.

मग असं : रॉड पावलाच्या मध्यावर, नडगीपासून साधारण अडीच सेंमी. रॉड न हलवता वाकून पकडा, गुडघे नडगी रॉडला लागेपर्यंतच वाकवा, छाती वर काढून पाठ सपाट करा. आता झटका न देता रॉड हलकेच वर ताणा. रॉड आणि प्लेटच्या भोकात जी फट असते ती मिटल्याचा खट् आवाज येईल. त्यानंतरच पायांनी जमीन ढकला. रॉड वरपर्यंत पायाला घासत गेला पाहिजे. पायापासून लांब गेला तर तेवढ्याच वजनाचा कमरेवर येणारा भार वाढतो. आधी नितंब वर जाऊन छाती मागे राहत असेल तर सुरुवातीला फार खाली बसताय. दर रेपला रॉड जमिनीवर पूर्ण थांबवा, आदळून उसळी घेऊ नका.

सह्याद्रीकन्या

याच धाग्यात विचारते. वजन ५२ किलो, रिकामा २० चा रॉड डोक्यावर दोनदाच जातो. मग तक्ता कसा लावायचा?

बारा_बंदी

ताई, प्रेससाठी ८ किंवा १० किलोचा साधा रॉड घ्या आणि दर वेळी अर्धा ते एक किलो वाढवा. अर्ध्यासाठी पाव-पाव किलोचे पट्टे लागतील. स्पर्धांमध्ये महिलांचा ऑलिंपिक रॉड १५ किलोचा आणि २५ मिमी जाडीचा असतो, हातात चांगला बसतो, पण तो आपल्याकडच्या साध्या जिममध्ये क्वचित दिसतो. स्क्वॉट आणि डेडलिफ्टला २० चा रॉड तुम्हाला जड जायचं कारण नाही. बेंचला मात्र पहिले काही आठवडे १२-१५ चा रॉड लागू शकतो. बाकी तक्ता तोच.

पारनेरी

वॉर्मअपचं राहिलं. समजा आजचा स्क्वॉट ६० आहे : रिकामा रॉड ५ चे २ सेट, मग ३० वर ५, ४० वर ३, ५० वर २, आणि नंतर ६० चे तीन सेट. वॉर्मअपमध्ये दमायचं नाही, म्हणून वजन वाढेल तसे रेप कमी.

कुणाला बीपी किंवा हर्निया असेल तर वर स्क्वॉटमध्ये सांगितलेला श्वास रोखायचा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, त्या क्षणी रक्तदाब बराच चढतो.

हिरवी_मिरची

आहार. ताकदीच्या व्यायामाला दर किलो वजनामागे सुमारे १.६ ग्रॅम प्रोटीन धरा, म्हणजे ६४ किलोला १०२ ग्रॅम. अंडीही नसतील तर रोजचा हिशेब असा बसतो : कोरडे सोया चंक्स ५० ग्रॅम (२६), पनीर १०० ग्रॅम (१८), दूध अर्धा लिटर (१६), कच्ची डाळ ६० ग्रॅम (१४), पोळ्यांची कणीक १२० ग्रॅम (१४), दही २०० ग्रॅम (७), शेंगदाणे ३० ग्रॅम (७-८). पोहे-उपमा याच्या वर. वरणभातावर भागेल हा समज सोडा, पातळ वरणाच्या वाटीत ४-५ ग्रॅमच असतं. सोया गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळला की उग्र वास जातो. पनीर जमत नसेल त्या दिवशी व्हेचा (दुधातल्या प्रोटीनची पावडर) एक स्कूप घ्या. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं तर उपयोग होतो, बाकीच्या डब्यांवर पैसे घालवू नका.

नवखा_ठाणे

शेवटचं. वजन वाढेनासं झालं, किंवा आजारपणात दोन आठवडे बुडाले, तर?

लोखंडवाला

१५ पैकी १५ रेप झाले नाहीत तर वजन न वाढवता पुढच्या खेपेला तेच करा. सलग तीनदा तेच झालं तर फक्त त्या व्यायामाचं वजन १० टक्के उतरवा आणि पुन्हा चढा. ६० वर अडलात तर ५५ वर या (५४ निघतात, जवळच्या प्लेटवर घ्या). बहुतेक वेळा या दुसऱ्या चढणीत जुना अडथळा पार होतो. त्याआधी झोप आणि सेटमधली विश्रांती तपासा, निम्मी अडचण तिथे सापडते. दोनदा उतरवूनही तिथेच अडकलात तर दर वेळेऐवजी आठवड्यातून एकदा वाढवा.

दोन आठवडे बुडाले तर १० टक्के कमी, महिनाभर गेला तर २० ते २५ टक्के. ताप असताना जायचं नाही, आणि डेंग्यूसारखं काही होऊन गेलं असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्यावर रिकाम्या रॉडपासून सुरू करा.