माराकेशजवळ डोंगरात झिपलाइन आणि मोरोक्कन नाश्ता, आई आणि लेकीला नेऊ का?

कोथरूडकरीण

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्ही चौघं मोरोक्कोला चाललोय, मी, नवरा, लेक (वय १०, वजन २९ किलो) आणि माझी आई (वय ६४, उजवा गुडघा बदलून तीन वर्षं झाली, पण अजून आठवड्यातून दोनदा पर्वती चढते). माराकेशला चार दिवस आहोत. त्यातला एक दिवस डोंगरात जायचं डोक्यात आहे, म्हणजे सकाळी हॉटेलवरून गाडी नेते, अ‍ॅटलसच्या पायथ्याशी पारंपरिक मोरोक्कन नाश्ता देतात, मग झिपलाइन (उंच केबलला लटकून घसरत पलीकडे जायचं), आणि दुपारी परत सोडतात.

माझी खरी काळजी लेकीची. मागच्या वर्षी मुळशीकडच्या एका कॅम्पला ती झिपलाइनच्या बरोबर मधे थांबली आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच लटकत होती, खाली दरी, आणि वरून कोणी धड काही सांगतही नव्हतं, मी प्लॅटफॉर्मवरून ओरडून तिच्याशी बोलत राहिले. त्यानंतर कितीतरी दिवस ती झोपेत दचकायची. आता गंमत अशी की तीच म्हणतेय आई मला परत करायचंय. मला तिला नाही म्हणायचं नाहीये, पण तसंच पुन्हा झालं तर ती आयुष्यात कधी दोराला हात लावणार नाही असं वाटतं. ती मधे का थांबली असेल आणि या वेळी आधी काय विचारून घेऊ? आईने करावं का? आणि आई पक्की शाकाहारी आहे, अंडंही नाही, तर त्या नाश्त्यात तिला खाण्यासारखं काही असतं का? आणि नाश्ता आधी का झिपलाइन आधी?

सह्यभटका

ताई आधी लेकीचं बोलतो. ती मधे थांबली त्यात तिची काही चूक नाही आणि बहुतेक केबलमधेही बिघाड नसणार, ते वजनाचं गणित आहे, आणि हे तिला तुम्ही नीट समजावून सांगा, तिच्या मनातली अर्धी भीती तिथेच जाईल. केबल सरळ ताणलेली दिसते पण तिला झोळ असतो. सुरुवातीला उतार आणि शेवटी थोडासा चढ, आणि त्या चढावर वेग आपोआप कमी होतो म्हणून माणूस समोरच्या प्लॅटफॉर्मवर आपटत नाही. आता जड माणूस तो चढ सहज पार करतो, हलक्या मुलाला हवा जास्त अडवते आणि तेवढा जोर उरत नाही, त्यात समोरून वारा असला तर मूल अलीकडेच थांबतं आणि मागे घरंगळत केबलच्या सगळ्यात खोल जागी येऊन राहतं. चांगल्या ठिकाणी हे होणार हे धरूनच चालतात, माणूस थांबला की गाइड लगेच केबलवरून त्याच्याकडे निघतो. तुमच्याकडे वीस मिनिटं कोणी गेलं नाही, चूक ती होती.

मी १४ वर्षं आमच्या ग्रुपबरोबर लोणावळ्याला नागफणीवर व्हॅली क्रॉसिंग (दोराला लटकून दरी पार करणं) लावतोय, तिथे दोर आडवा असतो आणि लहान मुलांना आम्ही मागून-पुढून वेगळा दोर लावूनच सोडतो. त्यामुळे बुकिंगआधी त्यांना मेल टाका आणि सरळ विचारा की तुमच्या प्रत्येक केबलला कमीत कमी वजन किती लागतं. एकाच पार्कमधे छोट्या केबलला वेगळं आणि लांब केबलला वेगळं असू शकतं, कुठे ३० म्हणतात कुठे ४०, कुठे उंची बघतात. २९ किलो म्हणजे तुम्ही अगदी सीमेवर आहात. तिला एकटीला सोडत नसतील तर गाइडबरोबर जोडीने पाठवता का हे विचारा, जोडीने गेलं की वजन वाढतं आणि मधे थांबायची शक्यता बरीच कमी होते. आणि थांबलीच तर सोडवायला कोण जातं, किती वेळात, हे पण विचारा. या प्रश्नाला जो गुळमुळीत उत्तर देतो त्याच्याकडे जाऊ नका.

हार्नेस, म्हणजे अंगाला बांधतात ते पट्टे, बघताना, मुलांना नुसता कमरेचा हार्नेस घालू देऊ नका. त्यांची कंबर भरलेली नसते, उलटं झालं तर त्यातून निसटू शकतात, छातीपर्यंतचा फुल बॉडीच पाहिजे. पट्टा आवळल्यावर तुमची सपाट बोटं आत जावीत पण मूठ वळता येऊ नये, एवढं स्वतः करून बघा, लाजू नका. पुलीशिवाय एक दुसरा दोर वेगळ्या कॅराबिनरने (दोर अडकवायच्या धातूच्या कडीने) केबलला लावलेला असला पाहिजे आणि प्लॅटफॉर्मवर एका केबलवरून दुसरीवर जाताना दोन्ही कॅराबिनर एकदम कधीच निघता कामा नयेत. लेकीलाच हे शिकवा, तिला सांगा तू मोज, एक काढला तर एक लावलेला आहे ना. मुलं यात फार पक्की असतात.

केनित्राहून_परत

मी खाण्याचं सांगते. नवऱ्याच्या कामामुळे आम्ही दोन वर्षं मोरोक्कोतल्या केनित्राला होतो, पुण्याच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यातली बरीच मंडळी तिकडे भेटतात कारण टँजियर आणि केनित्रा दोन्हीकडे गाड्यांचे मोठे कारखाने आहेत. माझ्या सासूबाई पण अंडं न खाणाऱ्या, आल्या होत्या तेव्हा महिनाभर राहिल्या, आणि सकाळचा नाश्ता हेच त्यांचं सगळ्यात आवडतं जेवण झालं. तिकडे सकाळच्या खाण्याला फ्तूर म्हणतात, रोजा सोडतात त्यालाही हाच शब्द.

पहिलं येतं म्समन. मैदा आणि बारीक रव्याची कणीक मळून मुरवतात, मग तेलाच्या हाताने ओट्यावर इतकी पातळ पसरतात की खालचा ओटा दिसतो, मग चौकोनी घडी घालून तव्यावर भाजतात. घडीची पोळी येणाऱ्या बाईला हात बघूनच कळतं काय चाललंय, सासूबाई तर दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या स्वयंपाकघरात जाऊन करायला बसल्या, भाषा एकीची एकीला येत नव्हती. मग बगरीर, रव्याचं यीस्ट घालून आंबवलेलं पीठ, आंबोळीसारखं पण एकाच बाजूने भाजतात, उलटत नाहीत, वर जाळीच जाळी पडते आणि त्या जाळीत गरम लोणी आणि मध मुरतो. मी एका वेळी पाच खायचे. हर्शा म्हणून रव्याची जाडसर भाकरीसारखी असते, तीही तव्यावरची. पण बगरीरमधे काही घरी अंडं घालतात, तेवढं विचारा. म्समनमधे सहसा नसतं, पण काही वेळा आत कांदा आणि चरबी किंवा खिमा भरलेलं मिळतं, ते वेगळं दिसतं, जरा लालसर.

बरोबर वाट्यांमधे ऑलिव्ह, ऑलिव्ह तेल, मध, लोणी, जबन म्हणजे ताजं पांढरं चीज, आणि अमलू. अमलू चुकवू नका. भाजलेले बदाम, आर्गनचं तेल आणि मध एकत्र वाटलेलं, पातळसर, शेंगदाण्याच्या चटणीइतकं खमंग. आर्गनची झाडं माराकेशच्या बाजूला नसतात, ती अगादीर-एसाविराकडची, आणि खायचं तेल भाजलेल्या बियांचं काढतात म्हणून तो वास.

थंडीत सकाळी बिसारा पण मिळते, वाळवलेल्या बाकल्याच्या (फावा बीन्स) डाळीचं दाट सूप, वर जिरं आणि ऑलिव्ह तेल, आईंना पिठल्याची आठवण येईल. फक्त घरात कोणाला जीसिक्सपीडी या रक्तातल्या एंझाइमची कमतरता असेल तर त्यांनी बाकला अजिबात खाऊ नये, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, हे गंभीर आहे. आणि खली म्हणजे मसाल्यात वाळवून चरबीत साठवलेलं मांस, बहुतेक गाईचं, ते अंड्यात घालून ताजिनमधे (झाकणाच्या मातीच्या भांड्यात) आणतात. आधीच सांगा, 'ब्ला ल्हम, ब्ला बेद', म्हणजे मांस नको अंडं नको. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर कधीकधी मांसाच्या रश्श्यातली भाजी बाजूला काढून देतात, त्यांच्या मनात काही वाईट नसतं.

चहा हिरवा, चिनी गनपावडर पत्तीचा, पुदिना आणि भरपूर साखर, उंचावरून ओततात म्हणजे फेस येतो. थंडीत पुदिन्याबरोबर शीबा घालतात, कडू वनस्पती आहे, पहिल्यांदा तोंड वाकडं होतं. आईंना साखर असेल तर 'ब्ला सुक्कर' म्हणा, नाहीतर ग्लास गोडच येतो.

चहाबाज_सदाशिव

नाश्ता आधी का नंतर यावर माझं ठाम मत, आधी थोडंच. आम्ही २०२४ च्या मार्चमधे गेलो होतो. माराकेशहून दक्षिणेला तहनाउतपर्यंत रस्ता सरळ आहे, अर्धा-पाऊण तास, पण पुढे असनी गावाकडे मौलाय ब्राहिमच्या घळीतून वळणं सुरू होतात, तुमची जागा कुठे आहे ते बघून घ्या. आमच्या मुलाने मध-लोण्याचे चार बगरीर खाल्ले आणि वीस मिनिटांत हार्नेस चढवला, मांडीचे आणि पोटाचे पट्टे आवळले की सगळं वर येतं, पोरगं पहिल्या केबलनंतर पिवळं पडलं. नंतरच्या तीन केबल त्याने केल्याच नाहीत, पैसे पूर्ण भरलेले.

मी तर म्हणतो चहा आणि अर्धं म्समन आधी, उरलेलं सगळं परत आल्यावर अकरा वाजता निवांत. आधी कळवलं तर बदलून देतात.

केनित्राहून_परत

@चहाबाज_सदाशिव मला हे नाही पटत. डोंगरातला नाश्ता बरेचदा गावातल्या घरातून येतो, बाई पहाटे उठून तव्याशी उभी असते, म्समन गार झालं की चामट होतं आणि बगरीर तर दहा मिनिटांत बसतं. गरम गरम आलेलं अर्धं टाकून उठणं तिला लागतं. त्यापेक्षा लवकर पोचा, आठला, पोटभर पण सावकाश खा, तास-सव्वा तास बसा, आजूबाजूला फिरा, मग हार्नेस. नोव्हेंबरात सकाळी डोंगरात चांगलीच थंडी असते, हात गारठलेले असताना केबलवर जाण्यातही मजा नाही.

चहाबाज_सदाशिव

हे खरंय, गार म्समन आम्ही खाल्लं आणि ते खरंच तुटत नव्हतं. तासाभराचं अंतर ठेवत असतील तर माझी हरकत नाही, आमच्याकडे ते ठेवलं नव्हतं.

एक अजून, त्या भागात ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ६.८ चा भूकंप झाला होता, २९०० च्या वर माणसं गेली, अल हौझ प्रांताची गावंच्या गावं कोसळली. आम्ही गेलो तेव्हा असनीच्या आसपास लोक तंबूत राहत होते आणि तरी रस्त्याकडेला एका म्हाताऱ्या आजोबांनी आम्हाला थांबवून चहा पाजला. पैसे घेतले नाहीत. मी त्यांच्याकडून अक्रोड घेतले, दुसरं काय करणार. तुम्ही वाटेत मध, अक्रोड, तेल काही घेणार असाल तर शहरातल्या बाजारापेक्षा तिथेच घ्या. आणि पुण्यातून दिरहम न्यायच्या भानगडीत पडू नका, इथे दिरहम म्हटलं की दुबईचा देतात, मोरोक्कोचा वेगळा, तो तिथे उतरल्यावरच बदलून घ्या.

कोथरूडकरीण

किती छान लिहिलंत सगळ्यांनी, मी दोन्ही उत्तरं लेकीला वाचून दाखवली. झोळाचं ऐकून तिने लगेच खुर्च्यांना दोरी बांधून त्यावरून हँगरला खडूचा डबा लावून सोडला, रिकामा डबा खरंच मधे थांबला आणि भरलेला पार गेला!! दहा वेळा करून बघितलं. मग मला म्हणाली म्हणजे मी घाबरले म्हणून नव्हते थांबले ना. मला माहीतच नव्हतं की वर्षभर ती असं समजत होती. रडूच आलं मला.

मेल टाकलाय, सकाळीच उत्तर आलं, छोट्या केबलना २५ किलो आणि लांब केबलना ४० म्हणतायत, लांब केबलवर मुलांना गाइडबरोबर जोडीने नेतात. नाश्ता आठला सांगितलाय आणि साडेनऊला हार्नेस. @सह्यभटका आईचं राहिलं बघा, ती मागे लागलीये.

सह्यभटका

वा, डब्याचा प्रयोग आमच्या पुढच्या शिबिरात वापरणार, लेकीला सांगा.

आईंच्या बाबतीत केबलची काळजी कमी आणि जमिनीची जास्त. उतरताना पायावर यावं लागतं, कधी दोन पावलं पळावं लागतं, बदललेल्या गुडघ्यावर तो झटका चांगला नाही, आणि दोन केबलच्या मधली वाट सुट्या मुरमाची उताराची असते. पर्वतीच्या पायऱ्या चढणं वेगळं. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करून नेमकं हेच विचारा, उडी नाही पण पळत उतरणं चालेल का. ते हो म्हणाले तर एकच केबल, तीही जिचा शेवटचा प्लॅटफॉर्म गाडीरस्त्याच्या जवळ आहे, आणि गाइडला आधी सांगायचं की पाय वर धरून ठेवणार, तुम्ही हाताने थांबवा, ते थांबवतात. काठी न्या खाली. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्समधे अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्स वगळलेले असतात बरेचदा, झिपलाइन शब्द घालून लेखी विचारा, चौघांचं.

कोथरूडकरीण

डॉक्टरांशी बोलले. पळत उतरायला नाही म्हणाले, पाय वर धरून आणि कोणी थांबवणार असेल तर एकदा चालेल. आईला सांगितलं तर ती म्हणाली एकदा पुरे आहे मला, तोवर त्या बाईजवळ बसून बगरीर शिकते. रवा भिजवलाय आज घरी, बघू जाळी पडते का.