मदत हवी आहे : पिवळं कार्ड संपलंय, परत टोचून घ्यावं लागेल का?

पुन्हा_तिकडेच : पुढच्या महिन्यात परत रुजू व्हायचंय आणि कार्डावरची तारीख उलटून गेलीय. टोचून घ्यायला मुंबईला जा म्हणतात. मिरज सोडून मला सध्या एक रात्रही बाहेर राहता येत नाही. कौन्सिलचं गुड स्टँडिंगही (नोंदणी चालू आहे, तक्रार नाही असा दाखला) अडलंय. तिकडून रोज मेल. कुणी नुकतंच केलं असेल तर पटकन सांगा.

भडंगवाला : पिवळं रेशनकार्ड तहसील कचेरीत होतं की. मुंबईला कशाला जाताय?

वाईकर_काका : 'तिकडे' म्हणजे कुठं? देश सांगा, डॉक्टर की नर्स ते सांगा. नर्स असाल तर ई-मायग्रेट, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांची सरकारी नोंदणी, आधी बघा. माझ्या भाचीचं सौदीला जाताना तिथंच घोडं अडलं होतं.

पुन्हा_तिकडेच : सॉरी. युगांडा. डॉक्टर. मिशन हॉस्पिटलात 9 वर्षं होते. आईचा खुबा मोडला म्हणून आले, त्याला 3 वर्षं झाली. कार्ड यलो फीव्हरच्या लसीचं.

वाईकर_काका : तरी ई-मायग्रेट बघाच.

पांढरा_कोट : काका, ते 18 देशांपुरतं आहे, युगांडा त्यात नाही. ताई, लस कुठल्या साली घेतली होती?

सह्याद्री_एक्सप्रेस : राग मानू नका, पण मेळघाट-गडचिरोलीला डॉक्टर मिळेनात आणि तुम्ही युगांडाला? आणि मिशन म्हणजे नक्की काय करता तिथं?

पुन्हा_तिकडेच : सिझर करते.

वानलेसवाडी : 1894 साली मिशनरी डॉक्टर वानलेससाहेबांनी मिरजेत हॉस्पिटल काढलं, तेव्हा कॅनडात त्यांनाही कुणीतरी हेच म्हणालं असणार. आमच्या घरातल्या तीन पिढ्या त्या हॉस्पिटलात जन्मल्या. आपण काय नुसतं घेतच राहायचं?

सह्याद्री_एक्सप्रेस : मी जनरल बोललो.

पुन्हा_तिकडेच : विषयावर या. कार्ड 2013 चं आहे. 'पर्यंत वैध' पुढे निळ्या पेनानं 2023 लिहिलंय. शिक्का पावसात फुटलाय, पण वाचता येतो. पासपोर्ट नंबर जुना आहे.

पांढरा_कोट : मग मुंबई वाचली. 11 जुलै 2016 पासून हे सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, आणि आधी घेतलेल्यांनाही तोच नियम. वर 2023 असलं तरी बिघडत नाही. जुना पासपोर्ट मात्र सोबत ठेवा.

वाईकर_काका : नियम कागदावर राहतात हो. माझ्या धाकट्या भावाला परत येताना मुंबईत 6 दिवस अडकवून ठेवला होता.

पांढरा_कोट : कार्ड दाखवूनसुद्धा?

वाईकर_काका : कार्ड घरी विसरला होता.

टांझानिया_रिटर्न : लसीपेक्षा मलेरियाचं बघा. आम्ही दर रविवारी क्लोरोक्विन घ्यायचो, काही झालं नाही. सहा वर्षं काढली.

पांढरा_कोट : तिकडच्या फाल्सिपेरम मलेरियावर क्लोरोक्विन लागू पडत नाही, कुणी भरवशावर राहू नका. त्याऐवजी डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन) किंवा अ‍ॅटोवाक्वोन-प्रोग्वानिल. ताई, तुम्हाला माहीत असणारच, तरी सांगतो. तिथं राहून अंगात आलेली थोडीफार प्रतिकारशक्ती 3 वर्षांत उतरलेली असते. 'मला काय होतंय' म्हणून जाऊ नका.

टांझानिया_रिटर्न : आमचं मग नशीब म्हणायचं का?

पांढरा_कोट : हो.

पुन्हा_तिकडेच : तीच चूक करणार होते. गुड स्टँडिंगचं सांगा.

पांढरा_कोट : ते नंतर. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं नूतनीकरण झालंय का? 5 वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट लागतात.

पुन्हा_तिकडेच : नाही झालं. 14 भरलेत. तिकडे असताना कुठून आणणार पॉइंट?

पांढरा_कोट : मग गाडी तिथंच अडलीय. आधी पॉइंट, मग नूतनीकरण, मग गुड स्टँडिंग. सांगली-मिरजेत सीएमई (पॉइंट देणारी डॉक्टरांची शिक्षणसत्रं) होत असतात, तेवढ्या गाठा, ऑनलाइनही बघा. पुढचा महिना विसरा आणि तिकडे आजच तसं कळवून टाका.

भडंगवाला : आई कुणाकडं राहणार पण?

पुन्हा_तिकडेच : ते मी विचारलेलं नाही.

वानलेसवाडी : ताई, चिडू नका, काळजीनं विचारलं त्यांनी. चर्चच्या मंडळीतल्या कुणाशी बोलून बघा. आमच्या आत्याला शेजारची एक मुलगी रात्री सोबतीला यायची.

पुन्हा_तिकडेच : सॉरी भडंगवाले. बहीण सांगलीहून येणार आहे, पण शाळा संपल्यावर. आई रोज संध्याकाळी माझ्यासमोरून मुद्दाम वॉकर ढकलत दारापर्यंत जाते नि परत येते. काल वॉकर भिंतीला लावून ठेवला आणि कपाट धरत धरत गेली. "बघ, चालते मी." मी मागं उभी, हात पुढं करून. तिला दिसू नये असे. मेल केलाय, दोन महिने मागितलेत.

सांगलीकर_२४ : दुबईला जायला पण हे इंजेक्शन लागतं का? अर्जंट आहे.