हॅम्लेट क्लॉडियसला प्रार्थनेच्या वेळी का सोडतो?

प्रश्न: शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाच्या तिसऱ्या अंकात, हॅम्लेटच्या बापाचा खून करून राजा झालेला काका क्लॉडियस गुडघे टेकून एकटाच बसलाय, हॅम्लेटने तलवार उपसलीय, तरी मारत नाही. भित्रेपणा, की दुसरं काही?

प्रतिसाद १: भित्रा कसला! पुढच्याच प्रवेशात पडद्याआड कोण आहे हे न बघता राजाचा सल्लागार पोलोनियस याला भोसकतो.

प्रतिसाद २: कारण तो स्वतःच सांगतो. प्रार्थनेत मेला तर काका स्वर्गात जाईल. बापाला मात्र पापांची कबुली द्यायलाही सवड मिळाली नव्हती. म्हणजे नुसता जीव घेऊन भागत नाही, त्याला नरकच हवाय. मला हे दिरंगाईपेक्षा भयंकर वाटतं. गंमत म्हणजे क्लॉडियसची प्रार्थना होतच नाही! मुकुट आणि राणी सोडायची नाही, मग माफी कुठली, हे तो मनाशी कबूल करतो. हॅम्लेटला ते कळलं असतं तर खेळ तिथेच खलास. उलट पोलोनियसचा मुलगा लेआर्टिस बघा, बापाच्या सूडासाठी म्हणतो हॅम्लेटचा गळा चर्चमध्येही चिरेन.

प्रश्नकर्ता: मग शेवटच्या द्वंद्वात लेआर्टिसच्या तलवारीला विष कशाला? ती राजाचीच चाल ना?

प्रतिसाद २: नाही हो. बोथट न केलेली तलवार राजाने सुचवली, पेल्यातलं विषही त्याचंच. पण पात्याला विष लावायची कल्पना लेआर्टिसची. राजाने फक्त त्याच्या रागाला वाट काढून दिली.