जुन्या नाशकात इतिहास मंडळाचा जाहीर कार्यक्रम: हेरिटेज वॉक, प्रदर्शन, व्याख्यान कसं बसवावं?

तिवंधाकर

जुन्या नाशकातलं छोटं, नोंदणीकृत इतिहास मंडळ आहे. सभासद साठ-सत्तर, प्रत्यक्ष कामाला दहा-बारा जण. १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह असतो, त्यातल्या रविवारी सगळ्यांना खुला, विनाशुल्क कार्यक्रम करायचा बेत आहे. सकाळी पेशवेकालीन सरकारवाड्यापासून काळाराम मंदिरापर्यंत हेरिटेज वॉक, दुपारी मंडळाच्या खोलीत जुनी नाणी आणि मोडी कागदांचं प्रदर्शन, तिथेच तासभर मोडीची ओळख, संध्याकाळी गोदाघाटावर व्याख्यान. जमलं तर दुपारीच एक तुकडी पांडवलेण्यांना न्यायची.

जाणकारांनी सांगावं: वॉकला किती माणसं घ्यावीत आणि कुठे थांबावं? लोकांच्या घरची नाणी-कागद मागून आणून मांडताना काय सांभाळावं? परवानग्या कुणाकुणाच्या लागतील?

घाटावरचा

आधी पांडवलेणी त्या दिवसातून काढा. दहा-बारा कार्यकर्त्यांत रविवारी वॉक आणि प्रदर्शन धड होईल, व्याख्यान कसंबसं. लेण्यांना वेगळा दिवस द्या.

वॉक. एका वक्त्यामागे पंचवीस माणसं, फार तर तीस. त्यापुढे मागची रांग ऐकत नाही, आपापसांत बोलायला लागते आणि मग पुढच्यांनाही ऐकू येत नाही. साठ नावं आली तर दोन तुकड्या करा आणि वीस मिनिटांच्या अंतराने सोडा. विनाशुल्क कार्यक्रमाला नावं दिलेल्यांपैकी बरेच जण येत नाहीत, त्यामुळे तीस जागांसाठी चाळीस नावं घेतली तरी चालतं. प्रत्येक तुकडीला तीन माणसं हवीत: बोलणारा, रस्ता अडवणारा आणि शेपटाला राहणारा. शेपटाच्या माणसाला बोलणाऱ्याचा फोन नंबर पाठ असावा.

सूर्योदय तेव्हा पावणेसातच्या सुमारास होतो. सातला निघा, नऊच्या आत संपवा. नऊनंतर सराफ बाजारात दुचाक्या आणि रामकुंडावर यात्रेकरूंच्या बसगाड्या सुरू होतात. रविवार बदललात तर बुधवार टाळा, घाटावर बाजार भरतो. कार्तिकी पौर्णिमा त्या आठवड्यात येते का, तेही पंचांगात बघून घ्या.

मार्ग: सरकारवाडा, सुंदरनारायण, अहिल्यादेवी होळकर पूल ओलांडून रामकुंड-कपालेश्वर, दुतोंड्या मारुती, नारोशंकर, काळाराम. अंतर दीड-दोन किलोमीटरच, पण थांबे सहापेक्षा जास्त करू नका. प्रत्येक थांब्यावर सात-आठ मिनिटं. उभं राहून दहा मिनिटांपुढे कोणी ऐकत नाही, त्यात ज्येष्ठ नागरिक असतातच. कुठे बोलायचं ती जागा आदल्या रविवारी त्याच वेळेला जाऊन ठरवा: वक्त्याच्या पाठीशी भिंत हवी आणि ऊन त्याच्या तोंडावर पडावं, ऐकणाऱ्यांच्या नाही. देवळाच्या दारात बोलू नका, दर्शनाची रांग तुटते आणि वाद होतो. सुंदरनारायणाचं बोलणं पुलाच्या तोंडाशी उरका, काळारामाचं बाहेरच.

दुतोंड्या मारुती वगळू नका. पुराचं पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावर नाशिककर पूर मोजतात. पाणी सराफ बाजारात आणि दहीपुलापर्यंत का शिरतं, हे तिथे उभं राहून दोन मिनिटांत कळतं. याच कारणाने जुलै ते सप्टेंबर घाटावर काही ठेवायचं नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की घाटावरचं पटांगण पाण्याखाली.

आता काय बोलायचं. दंतकथा सांगा, पण दंतकथा म्हणूनच. नारोशंकराची घंटा हे चांगलं उदाहरण. पोर्तुगीजांवरच्या वसईच्या विजयातून ती आली असं सगळे सांगतात. घंटेवर १७२१ हे साल आहे, वसईची मोहीम १७३९ ची आणि देऊळ १७४७ चं. तीनही साल लोकांपुढे ठेवा, त्यातून काय निघतं आणि काय निघत नाही ते त्यांना ठरवू द्या. सुंदरनारायण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ मध्ये बांधलं. काळारामाशी बांधणारे सरदार रंगराव ओढेकर जितके सांगाल तितकाच २ मार्च १९३० चा सत्याग्रहही सांगा. पूर्वेच्या दारापाशी उभं राहून फक्त काळ्या दगडाचं कौतुक करणारे वॉक खूप होतात.

परवानग्या: वॉकला बॅनर, स्पीकर, मांडव काही नसेल तर पोलीस ठाण्याला माहितीचं पत्र पुरतं, पोच घेऊन ठेवा. वाट सरकारवाडा आणि पंचवटी अशा दोन ठाण्यांच्या हद्दीतून जाते, पत्रं दोन्हीकडे द्या. सरकारवाड्यात आत जायचं असेल तर राज्य पुरातत्त्व खात्याला निदान महिनाभर आधी लिहा.

खणकाम

प्रदर्शनाबद्दल. गोंधळ मांडणीत होत नाही, वस्तू घेताना आणि परत देताना होतो. प्रत्येक वस्तूची दोन प्रतींत पावती करा: मालकाचं नाव, वस्तूचं वर्णन, दोन्ही बाजूंचे फोटो, मोजमाप, आधीपासूनची भोकं-चिरा, घेतल्याची आणि परत करायची तारीख, दोघांच्या सह्या. नाण्याचं वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर मालकासमोर करा. मराठेशाही रुपया साधारण अकरा ग्रॅमचा असतो. वजन लिहिलेलं असलं की 'माझं हे नव्हतंच' हा प्रसंग येत नाही. क्रमांक पाकिटावर लिहा, वस्तूवर कधीही नाही.

नाणं मांडण्याआधी चकचकीत करायचा मोह आवरा. चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही नको. वरचा काळसर थर गेला की अक्षरांच्या कडा जातात आणि संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याची किंमतही. धरायचं ते कडेने. बाजारातली मऊ पीव्हीसीची पारदर्शक पाकिटं टाळा, त्यातून आम्ल सुटतं आणि तांब्याच्या नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. जाड पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर घ्या.

कागदांना उजेड मारतो. ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) जास्त नको. फोनवरच्या लक्स-मीटर अॅपने अंदाज घ्या, ते काटेकोर नसतं पण खिडकीजवळ आणि कोपऱ्यात किती फरक आहे एवढं कळतं. ट्यूबलाइट थेट वर असेल तर बंद करा, खिडकीला पांढरा कापडी पडदा लावा. सेलोटेप, स्टेपल, डिंक, लॅमिनेशन काही नाही. कागद आम्लरहित पुठ्ठ्यावर ठेवून चारही कोपरे पॉलिस्टरच्या त्रिकोणी खिशांत अडकवा. आणि खरं सांगायचं तर अस्सल कागद दोन-तीनच मांडा, बाकीच्यांच्या चांगल्या रंगीत प्रती. लोकांना वाचायचं असतं. अस्सल आणि प्रत यांत त्यांना फारसा फरक पडत नाही, कागदाला पडतो.

शंभर वर्षांवरच्या वस्तू आणि ७५ वर्षांवरची महत्त्वाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. मूर्ती किंवा सचित्र पोथी कोणी घेऊन आलं तर नोंदणीचा दाखला बघितल्याशिवाय स्वीकारू नका. तलवारी, कट्यारी मांडायच्याच नाहीत, परवान्याचा प्रश्न येतो. आणि प्रदर्शनात वस्तूची बाजारभावाने किंमत सांगायला कोणालाही बसवू नका. एकदा ते सुरू झालं की इतिहास संपतो, घासाघीस सुरू होते.

एक सुचवतो. सुटी सुटी पन्नास नाणी मांडण्यापेक्षा एकच गोष्ट मांडा. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. खालचा नहपानाचा चेहरा आणि वर उठलेली तीन कमानींची टेकडी (सातकर्णीच्या छापातलं चिन्ह), अशी दोन-तीन मोठी छायाचित्रं लावा. युद्धात कोण जिंकलं ते शाळकरी पोरालाही कळेल. नाणी समजून घ्यायला अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेत दोघा-तिघांनी आधी एक फेरी मारावी.

बोरू-टाक

मोडीला तासभर कमी आहे, दीड तास ठेवा आणि एका शिकवणाऱ्यामागे वीस जणच घ्या. बाराखडीचा तक्ता देऊन सुरुवात केलीत तर अर्धा वेळ तक्त्यातच जातो. त्यापेक्षा आधी रेघ. मोडीत ओळ आधी पूर्ण आखली जाते आणि अक्षरं तिला लटकत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ असा भेद पाळत नाहीत. या तीन गोष्टी कळल्या की निम्मी भीती जाते. मग प्रत्येकाला स्वतःचं नाव, मग गावाचं नाव, मग एक पत्र.

पत्र एकोणिसाव्या शतकातलं, सुवाच्य हाताचं, दहा ओळींच्या आतलं निवडा. पेशवाईतला घाईचा हात नवख्याला दाखवला तर तो परत येत नाही. प्रत ए-थ्री कागदावर दीडपट मोठी करून काढा, दोघांत एक द्या.

तारीख वाचायला शिकवा, लोकांना ते फार आवडतं. 'सन सबा सबैन मया व अलफ' म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७७. हे सुहूर सन, जुन्या मराठी कागदांतली कालगणना, मृग नक्षत्रापासून सुरू होतं, म्हणून जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मेच्या कागदाला ६००. हा कागद मग १७७६-७७ चा. फसली (महसुली) सन असेल तर ५९० च्या आसपास, शक असेल तर ७८. घरचा कागद घेऊन आलेल्याला हे एवढं जमलं तरी तो मंडळाचा सभासद झाला समजा. पण कार्यशाळेत कोणाच्या सातबाराचा, वाटणीपत्राचा अर्थ लावून देऊ नका. कोर्टात चाललेल्या भांडणात मंडळाचं नाव ओढलं जातं.

तिवंधाकर

पांडवलेणी वेगळी काढली. व्याख्यान पटांगणावर की सभागृहात, यावर मंडळात दोन तट आहेत.

घाटावरचा

पटांगणाला नाशकात वसंत व्याख्यानमालेची सवय आहे, पण ती मे महिन्यातली. नोव्हेंबरात सूर्यास्त सहाच्या आत, पडद्यावरचं चित्र साडेसहाशिवाय दिसत नाही, आणि आठनंतर नदीवरचा गारठा ज्येष्ठांना उठवतो. घाटावर आरती आणि शेजारचे भोंगे आहेतच. चित्रं दाखवायची असतील तर सभागृह घ्या. नुसतं बोलणं असेल तर पटांगण, साडेसहा ते पावणेआठ. पटांगणाला महापालिकेची परवानगी आणि स्पीकरसाठी पोलिसांची, दोन्ही वेगळ्या. रात्री दहानंतर स्पीकर चालत नाही, ते तुम्हाला लागणार नाही.

आणि सत्कार. शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, अध्यक्षीय मनोगत यांत पाऊण तास जातो आणि ज्याला ऐकायला लोक आले त्याला पस्तीस मिनिटं उरतात. परिचय दोन मिनिटं, सत्कार शेवटी, व्याख्यान पन्नास मिनिटं, प्रश्न वीस मिनिटं. प्रश्न चिठ्ठीवर घ्या, माईक फिरवू नका. माईक हातात आला की प्रश्नाऐवजी दुसरं व्याख्यान सुरू होतं.

खणकाम

चिठ्ठीला माझा विरोध आहे. चिठ्ठ्या निवडणारा माणूस अडचणीचे प्रश्न खिशात घालतो, आणि लोकांना ते दिसतं. माईक फिरवा, पण कार्यकर्त्याने तो स्वतःच्या हातात धरावा, सोडू नये. एवढ्याने काम होतं.

पांडवलेण्यांचं राहिलं. ते केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. तिकीट प्रत्येकाने आपापलं काढायचं, १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. लेण्यात सभा, बॅनर, स्पीकर, खाणं यांना लेखी परवानगीशिवाय मनाई आहे, ट्रायपॉड काढलात तरी अडवतील. चोवीस लेणी दाखवायला जाऊ नका. क्रमांक तीन, दहा आणि अठरा पुरे: गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख, नहपानाचा विहार (भिक्षूंचं निवासस्थान), चैत्यगृह (प्रार्थनागृह).

दहामध्ये नहपानाचा जावई उषवदात याच्या देणगीचा लेख वीस मिनिटं घ्या. ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. व्याज २००० वर महिना शेकडा एक, १००० वर महिना शेकडा पाऊण. लोकांनाच हिशोब करायला लावा: दोन हजारांचे वर्षाला २४० होतात, आणि लेखात वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी (भिक्षूंच्या वस्त्रांसाठी) सांगितले आहेत. वीस बारे दोनशे चाळीस. आकडा जुळला की लेण्यात एकदम गलका होतो, तो होऊ द्या. उरलेल्या हजाराचे नव्वद येतात, ते किरकोळ खर्चाला.

अक्षरं दिसत नाहीत ही नेहमीची तक्रार. टॉर्च समोरून मारला तर ती आणखी सपाट होतात. भिंतीला जवळजवळ समांतर, बाजूने धरा, खोदाईत सावली पडते आणि ब्राह्मी उठून येते. खडू, पावडर, पाणी, बोटं काही लावायचं नाही, मुलांच्या तुकडीत यासाठी एक माणूस वेगळा उभा करा. लेखाचा ठसा आणि लिप्यंतर छापून हातात द्या, म्हणजे भिंतीपाशी गर्दी होत नाही. आणि पायऱ्या दोनशेवर आहेत, हे निमंत्रणपत्रिकेतच लिहा.